चित्र जगाचं, आवाज कुणाचा?

डोंबिवलीत राहणाऱ्या एका निवृत्त खेळशिक्षकांचं ठाम मत आहे, की टीव्हीवर फुटबॉल जितका जवळून दिसू लागला, तितका तो कमी कळू लागला. ठाण्यात राहणाऱ्या त्यांच्या भाचीला हे अजिबात मान्य नाही. ती खेळांच्या थेट प्रक्षेपणात रिप्लेच्या यंत्रावर काम करते. घोडबंदर रोडवरून अंधेरीच्या स्टुडिओत जायचं, चार कॅमेऱ्यांची चित्रं समोर घेऊन बसायचं आणि दिग्दर्शकाने मागितलेला क्षण दोन-तीन सेकंदांत काढून द्यायचा, हा तिचा रोजगार. मामांनी कल्याणच्या शाळेत फुटबॉलचा संघ बांधला, सुभाष मैदानावर मुलं घडवली. दोघांचं बोलणं मी इथे जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत देतो आहे. जिथे राहवलं नाही तिथे मीही बोललो आहे.

मामा : मला मेस्सीच्या कपाळावरचा घाम बघायचा नाही. चेंडू उजव्या बगलेला असताना डावा बॅक कुठे उभा आहे ते बघायचंय. ते कुणी दाखवतच नाही. चेंडू बाहेर गेला रे गेला की चेहरे सुरू. प्रशिक्षकाचा चेहरा, राखीव खेळाडूंचे चेहरे, गॅलरीत रडणाऱ्या पोराचा चेहरा. चित्र मैदानावर परत येतं तोवर थ्रो-इन होऊन चेंडू पार पुढे गेलेला असतो. त्या मधल्या पाच सेकंदांत कोण मोकळा झाला, कोणी कोणाला ओढून नेलं, तोच तर खेळ!

भाची : मामा, नव्वद मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम तासभर. उरलेल्या वेळात दिग्दर्शकाने काय दाखवायचं? रिकामं गवत?

मामा : गवत रिकामं नसतंच कधी. त्यावर बावीस माणसं असतात. चेंडू थांबला की ती जागा बदलतात. मी मुलांना हेच तर शिकवत आलो, की चेंडू पायात नसताना तू काय करतोस ते मला सांग. आता माझी मुलं विश्वचषक बघून येतात आणि मला गोलानंतरच्या उड्या करून दाखवतात.

भाची : आणि ज्याला तुझ्यासारखा शिक्षक मिळाला नाही, त्या घरातल्या बाईला? माझ्या आईला? तिला त्या चेहऱ्यामुळेच कळतं की काहीतरी मोठं बिनसलंय. चेहरा हा खेळाचा भाग नाही असं कोणी ठरवलं?

या मुद्द्यावर मामा १९८६ काढतात. मेक्सिकोतली स्पर्धा दूरदर्शनने दाखवली आणि आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीला मॅराडोना मिळाला. मेक्सिकोत दुपारी बाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला, आणि चारचा सामना पहाटे साडेतीनला. चाळीत एखाद्याच घरी टीव्ही, तोही बहुधा कृष्णधवल.

मामा : बावीस जून. अर्जेंटिना आणि इंग्लंड. दुसरा गोल डोळ्यांपुढे आण. मॅराडोनाने चेंडू घेतला तो स्वतःच्या अर्ध्यात. तिथून वळला, दोघांना मागे टाकलं, मग बुचर, मग फेनविक, बुचर पुन्हा मागून आला, शेवटी शिल्टन. हे सगळं एका कॅमेऱ्याने टिपलंय, मध्यरेषेजवळच्या उंच जागेवरून. मध्ये एकदाही चित्र तुटत नाही. त्यामुळे तुला दिसतं की इंग्लंडचा कोण चुकला, कोणाचं वजन चुकीच्या पायावर होतं, कोण धावत आला आणि कोण नुसता बघत राहिला. आज तीच धाव झाली असती तर मध्येच त्याच्या बुटांचा क्लोजअप लावला असता तुझ्या दिग्दर्शकाने.

भाची : नसता लावला. चेंडू चालू असताना मुख्य कॅमेरा सोडायचा नाही, हे आजही पहिलं शिक्षण आहे आमच्याकडे. आणि तू दुसरा गोल सांगतोस, मामा. त्याच्या चार मिनिटं आधीचा गोल का सांगत नाहीस?

पहिला गोल हाताने झाला होता, हे आता शाळकरी मुलालाही माहीत आहे. ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर यांना तो हात दिसला नाही. वरच्या त्या मुख्य कॅमेऱ्यालाही तो नीट दिसला नाही.

भाची : त्या रात्री चाळीत पहिल्या क्षणी कोण म्हणालं, हात लागला म्हणून?

मामा : कुणीच नाही. आम्ही हेडरच समजलो. इंग्लंडचे खेळाडू पंचाकडे धावले, हात दाखवू लागले, तेव्हा शंका आली.

भाची : म्हणजे तुझ्या त्या एका कॅमेऱ्याने जगातला सगळ्यांत प्रसिद्ध गोल चुकीचा दाखवला. खरं काय झालं ते गोलच्या बाजूच्या कॅमेऱ्यांनी आणि छायाचित्रकारांनी सांगितलं.

मला या वादात हीच जागा सगळ्यांत मोलाची वाटते. एकाच सामन्यातले, चार मिनिटांच्या अंतरातले दोन गोल. एक बघायला लांबचं, न तुटणारं चित्र हवं. दुसरा बघायला जवळचा, वेगळ्या कोनातला डोळा हवा. चांगल्या प्रक्षेपणाला दोन्ही लागतात, आणि कोणत्या क्षणी काय लागेल याचा निर्णय एका माणसाला क्षणार्धात घ्यायचा असतो. मामांचा राग त्या निर्णयावर आहे. भाचीचा अभिमान त्या डोळ्यांच्या संख्येवर आहे. दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात आणि त्यामुळे कधी हरत नाहीत.

भाची : आणखी एक. तुझ्या त्या मेक्सिकोत दुपारी बाराच्या उन्हात, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंचावर सामने का खेळवले? युरोपातल्या लोकांना संध्याकाळी टीव्हीवर बघता यावेत म्हणून. मॅराडोना स्वतः त्यावर चिडला होता. तेव्हा टीव्ही साधाभोळा होता आणि आता तो बिघडला, असं काही नाही.

मामा : ते मान्य. पण ऊन खेळाडूंना लागलं. माझं चित्र तरी धड होतं.

इथवर मामा तक्रार करत होते ती मुंबईतल्या वाहिन्यांच्या नावाने. भाचीने मग त्यांना हे चित्र बनवणाऱ्या कारखान्याची रचना सांगितली, आणि ती बहुतेक प्रेक्षकांना माहीत नसते म्हणून मी सविस्तर देतो. फुटबॉल विश्वचषकाचं मूळ चित्र कोणत्याही देशाची वाहिनी बनवत नाही. २००२ पासून फिफासाठी ते काम होस्ट ब्रॉडकास्ट सर्व्हिसेस ही स्वित्झर्लंडमधली संस्था करते. अलीकडच्या स्पर्धांत एकेका सामन्याला तीसहून जास्त कॅमेरे असतात. मध्यरेषेवरचा मुख्य कॅमेरा, दोन्ही पेनल्टी क्षेत्रांच्या रेषेत ऑफसाइडसाठी लावलेले कॅमेरे, गोलच्या मागचे, तारेवरून मैदानावर फिरणारा, अतिमंद गतीचे. त्यांतून दिग्दर्शक एक चित्र निवडतो आणि तेच चित्र डोंबिवलीत, टोकियोत आणि ब्यूनस आयर्समध्ये एकाच वेळी दिसतं. युरो स्पर्धेसाठी हीच व्यवस्था युएफा स्वतः करते. भारतातली वाहिनी त्यावर चढवते ती समालोचनाचा आवाज, आधीचा-नंतरचा स्टुडिओ आणि जाहिराती.

मामा : म्हणजे तुमच्या हातात काहीच नाही?

भाची : चित्रात जवळपास काहीच नाही. २००८ च्या युरोतला जर्मनी-तुर्कस्तान उपांत्य सामना आठवतो? आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर सुरू झाला होता. खेळ बासेलमध्ये चालला होता, स्वित्झर्लंडमध्ये. वादळ झालं व्हिएन्नात, ऑस्ट्रियामध्ये. पण सगळ्या जगाला जाणारं चित्र व्हिएन्नातल्या केंद्रातून सुटत होतं. तिथली वीज गेली आणि कितीतरी देशांतल्या लोकांना क्लोसाचा गोल दिसलाच नाही.

मामा : आठवतं. आमच्याकडे सगळे केबलवाल्याला फोन लावत बसले होते.

भाची : बिचारा केबलवाला! तेव्हा कळायला हवं होतं, की आपण सगळे एकाच नळावर पाणी भरतो.

मामांनी यावर लगेच माघार घेतली नाही. ते म्हणाले, नळ एकच असेल तर पाणी गढूळ आल्यावर तुम्ही तरी ते बंद करू शकता ना? आणि त्यांनी एरिक्सनचं नाव काढलं.

१२ जून २०२१. कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेतला डेन्मार्क आणि फिनलंडचा सामना. पहिलं सत्र संपत आलेलं असताना ख्रिश्चन एरिक्सन कोणाचाही धक्का न लागता कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. डॉक्टर मैदानातच छाती दाबून त्याला परत आणत होते. सहकारी खेळाडूंनी त्याच्याभोवती कडं केलं आणि पाठी बाहेर केल्या. प्रक्षेपण चालू राहिलं. कड्यातल्या फटींतून दिसेल ते, खेळाडूंची रडणारी तोंडं, मैदानाच्या कडेला आलेली त्याची जोडीदार.

मामा : ती पोरं त्याला कोणापासून लपवत होती? प्रेक्षकांपासून? स्टेडियममध्ये बसलेल्याला तसंही काही दिसत नसणार. ती कॅमेऱ्यापासून लपवत होती. त्या खेळाडूंना जे कळलं ते तुमच्या लोकांना कळलं नाही.

भाची : मी त्या खोलीत बसते, मामा, म्हणून मला हे तुझ्यापेक्षा जास्त लागलंय. अशा वेळी कोणाकडेच लिहिलेला नियम नसतो. दिग्दर्शक फ्रेंच होते, जाँ-जाक आमसेलेम. त्यांनी नंतर बाजू मांडली, की उपचारांचं जवळचं चित्र आम्ही दाखवलं नाही, लोकांची व्यथा दाखवली. मी ते मानत नाही. त्या बाईचा चेहरा दाखवायला नको होता. लांबचं चित्र लावायचं आणि थांबायचं.

मामा : आणि इतर देशांतल्या वाहिन्यांनी?

भाची : बीबीसीने प्रेक्षकांची माफी मागितली. चित्र युएफाचं आहे, आमचं नाही, असंही म्हणाले. पण स्टुडिओत परत यायचा अधिकार प्रत्येक वाहिनीला असतो. तेवढा एक खटका तिच्याच हातात असतो.

त्या संध्याकाळी जिथे जिथे तो खटका उशिरा दाबला गेला, तिथे ते यंत्राचं अपयश नव्हतं. समोर जे येईल ते पुढे ढकलायची सवय लागली की असं होतं. माझ्या मते प्रक्षेपणाचा दर्जा ठरवताना चित्राच्या स्पष्टतेच्या आधी ही गोष्ट मोजायला हवी.

भाचीने याच ओघात आणखी एक बोलून दाखवलं, आणि मामांकडे त्यावर उत्तर नव्हतं. २०१८ च्या रशियातल्या स्पर्धेवेळी प्रेक्षकांतल्या तरुण मुली शोधून त्यांच्यावर कॅमेरा रोखण्याची खोड इतकी वाढली, की ते कमी करा असं प्रक्षेपकांना सांगितल्याचं फिफाच्या अधिकाऱ्यानेच पत्रकारांपुढे म्हटलं. ती म्हणाली, “नियंत्रण कक्षात बायका वाढल्या की हे आपोआप कमी होतं. मी बसते तिथे कमी झालंय.”

मग विषय घराजवळ आला. ठाण्यातून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने नेरुळ गाठलं की डी. वाय. पाटील स्टेडियम. ठाणे जिल्ह्यातच येतं ते. तिथे २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक आला. २५ ऑक्टोबरला स्पेन आणि मालीचा उपांत्य सामना होता आणि मामा मुलांना घेऊन गेले होते.

मामा : टीव्ही सोडून प्रत्यक्ष बघा, असं मी कायम सांगतो. गेलो. पण ते मैदान क्रिकेटचं. फुटबॉलचा चौकोन मधोमध आणि आपण कुठच्या कुठे. तरी पहिल्यांदा मुलांना दिसलं की स्पेनची बचावफळी एका दोरीत बांधल्यासारखी पुढे-मागे होते. हे त्यांना टीव्हीने कधीच दाखवलं नव्हतं.

भाची : आणि मालीचा तो फटका?

स्पेन दोन-शून्यने पुढे होता. दुसऱ्या सत्रात मालीच्या डुकुरेने लांबून मारलेला फटका आडव्या खांबावर आपटून खाली आला, गोलरेषेच्या आत टेकला आणि बाहेर उडाला. पंचांनी गोल दिला नाही. त्या स्पर्धेत गोलरेषेचं तंत्रज्ञान नव्हतं. पुढे सामना तीन-एकने सुटला.

मामा : आम्हाला बसल्या जागेवरून काही कळलं नाही. गलका झाला, खेळ पुढे गेला. कल्याणहून एका मुलाच्या वडिलांचा फोन आला, अहो सर, गोल होता तो, टीव्हीवर स्वच्छ दिसतंय!

भाची : बघ. तू तिकीट काढून स्टेडियममध्ये आणि गोल दिसला कल्याणमध्ये. त्या मालीच्या पोरांच्या बाजूने साक्ष द्यायला एकच जण होता तिथे, रिप्ले. २०१० ला इंग्लंडच्या लॅम्पार्डचा गोल असाच गेला. जर्मनीविरुद्धचा. टीव्हीने तो सगळ्या जगाला इतक्या वेळा दाखवला की फिफाला पुढच्या विश्वचषकात गोलरेषेचं तंत्रज्ञान आणावंच लागलं. कॅमेऱ्याने खेळाला लाज आणली म्हणून खेळ सुधारला.

मामा गप्प बसले, आणि मग त्यांनी एक वेगळीच गोष्ट काढली. त्याच नेरुळच्या मैदानावर ६ फेब्रुवारी २०२२ रोजी महिलांच्या आशियाई चषकाचा अंतिम सामना झाला. मध्यंतराला चीन दक्षिण कोरियापेक्षा दोन गोलांनी मागे होता आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेतल्या गोलावर तीन-दोनने जिंकला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला तिथेच सतरा वर्षांखालील मुलींचा जागतिक अंतिम सामना झाला, स्पेनने कोलंबियाला एक-शून्य हरवलं. महिनाभरात कतारचा विश्वचषक सुरू झाला आणि डोंबिवलीत गल्लोगल्ली अर्जेंटिनाचे झेंडे लागले.

मामा : माझ्या इमारतीत विचार. फेब्रुवारीतला तो सामना किती जणांनी बघितला? कोविडचे दिवस होते, जाणं अवघडच होतं, म्हणजे टीव्हीवरच बघायचं. पण सामना आहे हेच कोणाला सांगितलं नव्हतं. चित्र तयार, कॅमेरे तयार, सगळं आपल्या जिल्ह्यात, आणि बातमी नाही! मग चित्राचा तो दर्जा घेऊन काय चाटायचा?

भाची : यात मी तुझ्या बाजूने आहे. भारताच्या मुलींचा संघ कोविडमुळे एकाच सामन्यानंतर बाहेर पडला आणि त्या क्षणी आपल्याकडच्या बातम्या संपल्या. जणू स्पर्धाच संपली.

हे वाक्य मला वाहिन्यांच्या आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवं असं वाटतं. आपला संघ नसला की आपल्या अंगणातलीही स्पर्धा परकी, आणि मेस्सी असला की कतार घरचं. प्रक्षेपण म्हणजे केवळ चित्र पोचवणं नव्हे. हे बघण्यासारखं आहे, हे आधी सांगावं लागतं.

भाषेवर आल्यावर मात्र दोघांचा आवाज चढला. मामांच्या शेजारी एक मल्याळी कुटुंब राहतं. डोंबिवलीत हे नवलाचं नाही, केरळीय समाजम् इथे जुनी आणि मोठी संस्था आहे. २०२२ च्या विश्वचषकाचे भारतातले हक्क वायकॉम१८ कडे होते. त्यांच्या ॲपवर सामने फुकट होते आणि समालोचनाच्या पाच भाषा होत्या : इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम, बंगाली. त्याआधी २०२१ च्या युरोला सोनीने या पाचांत तेलुगूची भर घातली होती. दोन्ही यादींत मराठी नव्हती.

मामा : भिंतीपलीकडे त्यांचे आजोबा मल्याळममध्ये सामना ऐकतात आणि दर मिनिटाला दाद देतात. शैजू दामोदरन म्हणून त्यांचा समालोचक आहे, त्याचं नाव त्या घरातल्या लहान मुलालाही माहीत. आणि मी, डोंबिवलीत, महाराष्ट्रात, हिंदी किंवा इंग्रजी निवडायचं. का?

भाची : केरळ आणि बंगाल फुटबॉल बघतात म्हणून. वाहिनी प्रेक्षक मोजते. मराठी घर क्रिकेट बघतं.

मामा : क्रिकेटला मिळते ना मग मराठी! २०२३ च्या आयपीएलला जिओसिनेमावर बारा भाषा होत्या, त्यात मराठी होती. केदार जाधव मराठीत समालोचन करत होता, तिथूनच त्याला बंगळुरूच्या संघाने खेळायला बोलावून घेतलं. म्हणजे मराठीत बोलणारे आहेत, ऐकणारे आहेत, यंत्रणा आहे. आणि कोल्हापूर? पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं, त्याला मराठीत समालोचन असतं, लोक ते मोबाईलवर ऐकतात. ते प्रेक्षक मोजणाऱ्याच्या वहीत येत नाहीत का?

भाची : येतात, पण एका शहराचे म्हणून. मामा, मला मराठी नको असं नाही. वाईट मराठीची भीती वाटते. हिंदीत काय झालंय ते बघ. गोल झाला की यमक, नाही झाला की म्हण. चेंडू कुठे आहे हे सोडून सगळं बोलतात. तसंच मराठीत ऐकायचं असेल तर मी आवाज बंद करून बघेन.

मामा : तशी गरज नाही. आपल्याकडे बाळ ज. पंडित होऊन गेले. आकाशवाणीवर मराठीत क्रिकेट सांगायचे. आधी पाहणी करून कोणी त्यांना सांगितलं नव्हतं की मराठी श्रोता किती आहे. ते बोलले आणि श्रोता तयार झाला. रेडिओवरच्या माणसाला शिस्त असते, कारण त्याने सांगितलं नाही तर मैदान दिसतच नाही. चेंडू कुठे, कोणाकडे, किती वेळ उरला. एवढं कळलं की मग अलंकार.

भाची : पण टीव्हीवर चेंडू दिसतोच. तिथे तेच सांगितलं तर प्रेक्षक कंटाळेल.

मामा : मग जे दिसत नाही ते सांग. डावा बॅक कुठे आहे ते सांग.

भाची : तेच सांगता येत नाही! हे तुला कोणी सांगितलेलं नाही. आपल्याकडचा समालोचक बहुतेक वेळा स्टेडियममध्ये नसतोच. तो मुंबईत स्टुडिओत, पडद्यासमोर बसून बोलतो. ऑफ-ट्यूब म्हणतात आमच्याकडे. त्याला तेच दिसतं जे तुला दिसतं. चेंडू सोडून बाकीचं मैदान त्याच्याही पडद्यावर नसतं. मग तो म्हणी सांगणार नाहीतर काय करणार?

मामा काही क्षण तिच्याकडे बघत राहिले. मलाही हे नवीन होतं. हिंदी समालोचनावर आपण इतकं तोंडसुख घेतो, पण त्या माणसाच्या हातात काय दिलं आहे हे कोणी विचारत नाही.

मामा : मग उपाय?

भाची : आहे. मूळ प्रक्षेपणासोबत वाहिन्यांना जादा चित्रंही मिळतात. त्यात एक असतं उंचावरून सगळे खेळाडू एका चौकटीत दाखवणारं, टॅक्टिकल फीड. ते समालोचकासमोर दुसऱ्या पडद्यावर ठेवायचं. ॲपवर प्रेक्षकालाही निवडू द्यायचं. तुझा तो १९८६ चा कॅमेरा आजही चालू असतो, मामा, तो तुझ्या घरापर्यंत येत नाही इतकंच.

मामा : म्हणजे मी बरोबर होतो.

भाची : अर्धा. तुला तो एकच हवा होता. मला सगळे हवेत, आणि त्यात तोही.

पैशांचा मुद्दा राहिलाच होता, तो मामांनी कायद्याच्या वाटेने आणला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या त्या खटल्यात निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपले मराठी. पुढे २००७ चा कायदा आला आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचं चित्र दूरदर्शनला देणं खासगी वाहिन्यांना बंधनकारक झालं. मामांना वाटत होतं की त्यामुळे आता विश्वचषकाचा अंतिम सामना कोणाच्याही घरी पोचतो. भाचीने त्यांना २०१७ चा निकाल सांगितला : कायद्याने मिळालेलं चित्र दूरदर्शनने आपल्या स्वतःच्या जाळ्यावरच दाखवायचं, खासगी केबल आणि डिशवरून नाही. डोंबिवलीतल्या केबल घेणाऱ्या घराला त्याचा उपयोग शून्य.

मामा : मग सार्वजनिक लहरी गेल्या कुठे?

भाची : दूरदर्शनच्या फ्री डिशवर. ज्याच्याकडे ती छत्री आहे त्याच्याकडे. वाहिनीने कोट्यवधी रुपये मोजलेत, मामा. ते फुकट वाटले तर पुढच्या वेळी कोणी बोलीच लावणार नाही, आणि मग तुला ना चेहरा दिसेल ना डावा बॅक.

मामा : कोट्यवधी मोजणाऱ्याला मराठीतल्या दोन माणसांचा खर्च जड जातो?

भाची : नाही जात. हे मी मान्य करते. नवी वाहिनी लागत नाही. ॲपवर चित्र तेच राहतं, फक्त आवाजाची आणखी एक वाट जोडायची. एक बंद खोली, दोन समालोचक, त्यांना आकडे पुरवणारा एक जण आणि दोन पडदे. विश्वचषकाच्या एकूण खर्चात ही रक्कम कोणाच्या नजरेतही येणार नाही. मागणारं कोणी नाही म्हणून ते होत नाही.

म्हणून मी इथे मागतो. २०२६ चा विश्वचषक ४८ संघांचा, १०४ सामन्यांचा, आणि अमेरिका-मेक्सिको-कॅनडातल्या वेळा म्हणजे आपल्याकडे बरेचसे सामने रात्री उशिरा आणि पहाटे. त्या वेळी जागणारा माणूस हौशी असतो, त्याला खेळ कळून घ्यायचा असतो. हक्क ज्याच्याकडे असतील त्याने निदान शेवटच्या आठ संघांपासूनचे सामने मराठीत द्यावेत, आणि समालोचक निवडताना नाटक-सिनेमातला चेहरा न शोधता शाहू स्टेडियमवरचा माणूस शोधावा. सबंध मैदान दाखवणारं चित्र ॲपवर निवडता यावं. महिलांच्या स्पर्धेला हीच वागणूक मिळावी.

मामा-भाचीने वाट बघितली नाही. एका रविवारी भाची डोंबिवलीला आली, २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं चित्रमुद्रण आवाज बंद करून लावलं आणि मामांच्या हातात मोबाईल रेकॉर्डिंगला दिला. ऐंशीव्या मिनिटापासून. एम्बापेची पेनल्टी, आणि दीडएक मिनिटात त्याचाच दुसरा गोल. मामांनी त्या दुसऱ्या गोलाची सुरुवात एम्बापेपासून केलीच नाही. कोमानने मेस्सीच्या पायातून चेंडू कसा काढला तिथून त्यांनी सुरू केलं, मग राबियोचा उचललेला पास, मग थुरामशी झालेली देवाणघेवाण. व्हॉली बसली तेव्हा ते थांबले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

भाची म्हणाली, सुरुवात उत्तम, पण गोलनंतर नऊ सेकंद शांतता? लोकांना वाटेल आवाज गेला.

मामा म्हणाले, गोल झाल्यावर लोक ओरडतात, तेव्हा समालोचकाने बोलू नये.

ती म्हणाली चार सेकंद. ते म्हणाले नऊच. मग त्यांनी तो भाग मागे घेऊन पुन्हा लावला.